मुलांचे वाढते वजन आणि शाळेची मधली सुट्टी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण-पश्चिम नागपुरातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पालक-शिक्षक संघाच्या सदस्य असलेल्या एका आईने लिहिले आहे की, पाचवी ते आठवीच्या वर्गांत वजन जास्त असलेल्या मुलांची संख्या गेल्या काही वर्षांत नजरेत भरण्याइतकी वाढली आहे. संघापुढे तीन सूचना आल्या आहेत: आहारतज्ज्ञांचे व्याख्यान ठेवावे, अशा मुलांसाठी शाळा सुटल्यावर वेगळा व्यायामवर्ग घ्यावा आणि कँटीनमधला समोसा बंद करावा. यांपैकी कशाने फरक पडेल, आणि शाळेने आणखी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी नागपुरात चोवीस वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करीत आहे आणि त्यातील बराच काळ शाळांच्या आरोग्य तपासण्यांत गेला आहे, म्हणून उत्तर थोडे लांबेल. तुमच्या तीन सूचनांविषयी आधी थेट सांगते. व्याख्यानाने फारसे काही होणार नाही. वेगळा व्यायामवर्ग कृपा करून सुरू करू नका. समोसा बंद करण्यात चूक नाही, पण तेवढ्यावर थांबलात तर पुढच्या सोमवारी त्याच्या जागी चिप्स-वेफर्सची पाकिटे लटकलेली दिसतील. शाळेच्या हाती आहे तो सगळ्याच मुलांचा शाळेतला दिवस: ती काय पितात, मधल्या सुट्टीत कँटीनच्या खिडकीतून त्यांच्या हातात काय पडते आणि खेळाच्या तासाला ती खरोखर किती मिनिटे पळतात. एवढ्या तीन गोष्टी नीट झाल्या, तर कोण जाड आणि कोण बारीक हे शाळेने पाहत बसण्याची गरज उरत नाही.

तरीही मोजमापाविषयी चार शब्द लिहायला हवेत, कारण ‘जाड’ कोण हे आपण नजरेने ठरवतो आणि नजर फसते. मोठ्या माणसांना बॉडी मास इंडेक्सचा (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा) एकच आकडा लावता येतो. मुलांचा आकडा मात्र वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्त्यावर ताडून पाहावा लागतो. दहा वर्षांचा, १४० सेंटीमीटर उंचीचा आणि ४५ किलो वजनाचा मुलगा घ्या. त्याचा बीएमआय २३ च्या आसपास येतो. तिशीतल्या माणसाचा हा आकडा पाहून कोणी दचकणार नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलासाठी १८.५ च्या वर जास्त वजन आणि २१.४ च्या वर लठ्ठपणा धरतात. म्हणजे ज्याला आजी कौतुकाने ‘अंगानं भरला’ म्हणते, तो मुलगा ती रेषा ओलांडून गेलेला असतो. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ बहुधा भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात आणि त्यांतल्या रेषा प्रौढ वयातील २३ (जास्त वजन) आणि २७ (लठ्ठपणा) या कमी आकड्यांशी जोडलेल्या आहेत, कारण तेवढ्याच वजनाला भारतीय शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नवजात बाळांवर जे काम केले, त्यातून हेच दिसले की आपली बाळे वजनाने हलकी असूनही चरबीत मात्र मागे नसतात. त्यामुळे दिसायला बारीक, पण पोट सुटलेल्या मुलाकडेही दुर्लक्ष करता येत नाही. त्यासाठी घरी करण्याजोगी एक चाचणी आहे. मुलाच्या उंचीएवढी सुतळी कापा, तिची मधोमध घडी घाला आणि ती दुहेरी सुतळी बेंबीच्या किंचित वरून पोटाभोवती फिरवा. टोके एकमेकांना भिडली नाहीत, तर कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि डॉक्टरांना दाखवलेले बरे.

डॉक्टरांकडे कोणाला पाठवायचे, हे शिक्षकांनाही ठाऊक असावे. मानेच्या मागे मळ साचल्यासारखा काळपट, मखमली पट्टा दिसत असेल आणि घासूनही जात नसेल, तर तो मळ नसतो. बहुधा इन्सुलिनचा परिणाम कमी पडू लागल्याची ती खूण असते. अनेक आया अशा मुलांची मान दगडाने घासून लाल करून आणतात, तेव्हा फार वाईट वाटते. झोपेत मोठ्याने घोरणारे आणि दिवसा वर्गात पेंगणारे मूलही तपासायला हवे. आणखी एक ठोकताळा असा की, निव्वळ खाण्यापिण्यामुळे वजन वाढलेले मूल सहसा वयाच्या मानाने उंच असते. वजन वाढते आहे पण उंची खुंटली आहे, अशा मुलाला ग्रंथींचा आजार नाही ना, हे पाहावे लागते.

आता वेगळ्या व्यायामवर्गाविषयी. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका शाळेत तपासणी करताना मी वजनकाट्याजवळ बसून आकडा मोठ्याने सांगत होते आणि समोरच्या टेबलावर शिक्षिका तो वहीत उतरवून घेत होत्या. काम भराभर व्हावे, एवढाच हेतू होता. मागे पंचवीस-तीस मुलींची रांग उभी होती. सहावीतल्या एका मुलीचा आकडा मी उच्चारला आणि रांगेत हसू फुटले. दोन महिन्यांनी तीच मुलगी चक्कर येते म्हणून माझ्याकडे आली. त्या दिवसापासून ती डबा तसाच परत नेत होती आणि संध्याकाळी घरी भुकेने सापडेल ते खात होती. तिचे वजन दोन किलोंनी वाढलेले होते. चूक माझी होती. तेव्हापासून तपासणी पडद्याआड होते, एका वेळी एकच मूल आत येते, काट्याचा आकडा त्याच्याकडे नसून माझ्याकडे असतो आणि अहवाल बंद पाकिटातून फक्त पालकांकडे जातो. तुमच्या शाळेत कोणीही तपासणी केली, तरी एवढी अट लेखी घाला.

जी चूक मी एका शाळेत केली, ती सिंगापूरने देशभर करून पाहिली आहे. तिथे १९९२ मध्ये ‘ट्रिम अँड फिट’ नावाचा कार्यक्रम शाळांत सुरू झाला आणि वजन जास्त असलेल्या मुलांना वेगळे काढून त्यांच्याकडून जादा व्यायाम करून घेतला जाऊ लागला. वजनाचे आकडे काही प्रमाणात उतरलेही. पण कार्यक्रमाची इंग्रजी आद्याक्षरे उलटी वाचली की ‘फॅट’ असा शब्द होतो, हे मुलांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. चिडवणे वाढले, पालकांच्या तक्रारी आल्या आणि २००७ मध्ये तो कार्यक्रम बंद करून सगळ्या मुलांसाठी सामाईक आरोग्य कार्यक्रम आणावा लागला. तुमच्या शाळेत ‘शाळा सुटल्यावर थांबणारी मुले’ असा गट तयार झाला, की पहिल्या आठवड्यातच त्याला नाव पडेल, आणि ते नाव मुलांना शाळा सोडेपर्यंत चिकटून राहील.

व्याख्यानाबद्दल माझे मत एवढे कडक का, तेही सांगते. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात पन्नासहून अधिक प्राथमिक शाळा घेऊन त्यांतल्या जवळपास निम्म्या शाळांत वर्षभर आहाराचे धडे, स्वयंपाकाच्या कार्यशाळा आणि रोजचा थोडा जादा व्यायाम असा कार्यक्रम राबवून त्याची काटेकोर तपासणी झाली. निष्कर्ष २०१८ मध्ये आले आणि मुलांच्या वजनात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. याउलट चीनमध्ये २४ शाळांतील चौथीच्या १,३९२ मुलांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका शैक्षणिक वर्षात बीएमआयमध्ये ०.४६ एवढा फरक पडला. तिथे शाळेने आपले नियम बदलले होते आणि पालकांना मोबाइलवरून मुलाचे वजन व सवयी यांची माहिती सतत मिळत होती. मी यातून एवढेच घेते की, मुलाला काय खावे हे सांगणे आणि ते खाणे त्याच्या हाताशी ठेवणे, यांत शाळेने आपली मेहनत दुसऱ्या ठिकाणी लावावी. व्याख्यान ठेवायचेच असेल, तर ते मुलांऐवजी कँटीनवाले, व्हॅनवाले काका आणि आजी-आजोबा यांच्यासाठी ठेवा. मुलांच्या हातात खाऊ ठेवणारे हेच असतात.

सुरुवात पाण्यापासून करा, कारण ते सर्वांत स्वस्त आहे. जर्मनीतील डॉर्टमुंड आणि एसेन या शहरांत गरीब वस्तीतल्या ३२ प्राथमिक शाळा घेऊन त्यांपैकी जवळपास निम्म्या शाळांत थंड पाण्याचे नळ बसवले, मुलांना बाटल्या दिल्या आणि पाण्याविषयी चार धडे शिकवले. वर्षअखेरीस त्या शाळांतील मुलांत जास्त वजनाचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडे काय होते? शाळेच्या गच्चीवर काळी टाकी असते, मार्च संपता संपता तिच्यातले पाणी हात भाजेल असे होते आणि ४४-४५ अंशांच्या उन्हात मूल ते पाणी तोंडात घेऊन थुंकते. मग घरून दिलेल्या दहाच्या नोटेचे गार, गोड काहीतरी येते. साध्या कोला पेयात १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते; ३०० मिलिलिटरची बाटली म्हणजे सहा चमचे साखर. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी वरून घातलेल्या साखरेची पाच टक्क्यांची मर्यादा धरली, तर ती २५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे भरते. एका बाटलीत दिवसाचा हिशेब संपतो आणि घरचा चहा, बिस्कीट, जॅम बाकीच राहतो. म्हणून वॉटर कूलर, त्याच्या फिल्टरची तारीख आणि टाकीवर सावली, हे विषय मी आहाराच्या चर्चेत पहिले घेते. केरळमधील शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा वाजवायला सुरुवात केली. ती कल्पना उचलायला पैसे लागत नाहीत. एक गोष्ट मात्र कोणी सभेत बोलत नाही, म्हणून मी बोलते: मोठ्या मुली शाळेत पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहात जावे लागेल. तिथली दारे, कड्या आणि पाणी नीट असल्याशिवाय पाण्याची घंटा मुलींसाठी वाजत नाही.

कँटीनचा विषय आहाराचा वाटतो, पण तो मुख्यतः भाड्याचा आणि वेळेचा आहे. एका शाळेत मी दोन दिवस मधल्या सुट्टीत कँटीनच्या खिडकीशेजारी स्टूल टाकून बसले होते. घंटा झाली आणि मिनिटभरात खिडकीसमोर शंभरेक हात आले. खिडकी एकच, आत माणसे दोन. पाकीट मागणाऱ्या मुलाचा व्यवहार तीन सेकंदांत उरकत होता: नोट आत, पाकीट बाहेर. पोह्यांची प्लेट मागणाऱ्याला पाऊण मिनिट लागत होते, कारण प्लेट भरायची, वर शेव घालायची, चमचा शोधायचा, आणि त्यातच मागून कोणीतरी ‘काका, कांदा’ म्हणून ओरडायचे. पोहे मागणारी मुले मागे ढकलली जात होती आणि सुट्टी संपत आली तशी तीही पाकिटाकडे वळत होती. एका मुलाला मी विचारले, तर तो म्हणाला की त्याला पोहेच आवडतात, पण पोहे घेतले तर खेळायला मिळत नाही. कँटीनवाल्याशी नंतर सावकाश बोलले. त्याचे म्हणणे होते, “मॅडम, पोट्ट्यायले बिघडवाची मले काई हौस नाई. भाडं महिन्याचं द्या लागते, अन् धंदा वीस मिन्टाचा.” पाकिटाला गॅस लागत नाही, भांडी घासावी लागत नाहीत, उरले तर उद्या विकता येते. पोहे उरले तर फेकावे लागतात.

त्या माणसाचा हिशेब बरोबर होता, आणि तो हिशेब शाळेने करार करताना लिहून दिलेला होता. जास्तीत जास्त भाडे देईल त्याला कँटीन, अशी निविदा काढायची आणि मग मुलांना पौष्टिक मिळत नाही म्हणून सभा घ्यायची, याला अर्थ नाही. म्हणून पालक-शिक्षक संघाने भाडे नाममात्र करण्याचा आग्रह धरावा आणि त्या बदल्यात पदार्थांची यादी करारात घालावी. सकाळच्या पहिल्या तासाला वर्गप्रतिनिधीने कुपने गोळा करावीत, म्हणजे आठवी ब मध्ये किती प्लेट पोहे आणि किती इडल्या, हे कँटीनला नऊ वाजताच कळते. उरण्याची भीती जाते आणि सुट्टी होण्याआधी प्लेटा वर्गवार ट्रेमध्ये भरून ठेवता येतात. खिडक्या दोन कराव्यात आणि लहान वर्गांची सुट्टी दहा मिनिटे आधी करावी. त्या शाळेने यांतल्या कुपनांची आणि ट्रेची कल्पना उचलली, भाडे कमी केले नाही. तरीही वर्षभरात पाकिटांचा खप निम्म्यावर आल्याचे कँटीनवाल्यानेच सांगितले. भाडेही सोडले असते, तर उरलेली पाकिटेही गेली असती, असा त्याचा आणि माझा दोघांचाही अंदाज आहे.

पदार्थांसाठी लांब जायला नको. चण्यांची उसळ घातलेले पोहे हा नागपूरचा रोजचा नाश्ता आहे आणि तो मुळात वाईट नाही. चणे वाढवावेत आणि तर्रीवरचे लाल तेल कमी करावे, एवढीच दुरुस्ती हवी. तर्रीशिवाय पोहे म्हणजे पोहेच नाहीत, असे मानणाऱ्यांपैकी मीही आहे, पण ते रविवारी. शाळेत मूग-मटकीची उसळ आणि मुरमुरे, इडली, मुगाचे धिरडे, ज्वारीचे थालीपीठ, उकडलेले अंडे, उकडलेले फल्लीदाणे (शेंगदाणे), मठ्ठा आणि एखादे फळ एवढे फिरते ठेवले, तरी आठवडा निघतो. आपल्या गावात हिवाळाभर संत्री रस्त्यावर ढीग लावून विकली जातात आणि आपल्याच मुलांच्या डब्यात खोक्यातला संत्र्याचा रस असतो, हे मला कधी समजलेले नाही. अख्खे संत्रे सोलायला वेळ लागतो, चोथा पोटात जातो आणि एकाने पोट भरते. रसाचे दोन पेले घटकाभरात खाली होतात.

तेलाबाबत एक युक्ती सुचवते. सरकारी पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५ ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे ७.५ ग्रॅम तेल धरलेले आहे, आणि त्यात अनुक्रमे ४५० व ७०० कॅलरींचे पूर्ण जेवण होते. कँटीनच्या महिन्याच्या तेलखरेदीला महिन्यात विकलेल्या प्लेटांनी भागा. आकडा १५-२० ग्रॅमच्या घरात गेला, तर कोणत्या पदार्थात ते जाते, हे कँटीनवाल्याला सांगावे लागत नाही. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवणेही या हिशेबातून उघड होते, कारण खरेदी कमी आणि समोसे जास्त, असा मेळ बसत नाही.

हे सगळे मागताना संकोच करण्याचे कारण नाही. राज्य शासनाने २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड विकण्यास मनाई केली आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कोणत्याही दिशेला ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत, आणि शाळेत त्यांची जाहिरातही करता येत नाही. क्रीडा महोत्सवाच्या कमानीवर गोड पेयाचा फलक लागतो, तोही यात आला. शाळा सीबीएसईची असेल, तर मे २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे कोणत्या पदार्थात किती साखर आहे हे सांगणारा ‘शुगर बोर्ड’ लावणे अपेक्षित आहे. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या कॅलरींपैकी १३ टक्के साखरेतून येतात आणि मर्यादा पाच टक्क्यांची हवी, असे त्या परिपत्रकातच म्हटले आहे. फलक मी पाहते तिथे बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावलेला असतो. तो कँटीनच्या खिडकीला लावा.

फाटकाबाहेरच्या गाडीवाल्याला हाकलण्याच्या मागे लागू नका. तो कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो आणि मुले रस्ता ओलांडून जातात. एका शाळेने त्याच माणसाला फाटकाजवळची सावलीची जागा दिली, अट एवढीच की जाम (पेरू), बोरे, शिंगाडे, फुटाणे, उकडलेला मका आणि ओली भेळ विकायची. तो आजही तिथे आहे.

खेळाच्या तासाची कथा वेगळीच आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे धाप लागेल असे हालचालीचे काही करावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वेळापत्रकात आठवड्याला दोन पीटीचे तास असतात आणि त्यांतला एक परीक्षेच्या आधी गणिताला जातो. मी एकदा मोबाइलमधले घड्याळ लावून एकाच मुलाकडे पाहत बसले. चाळीस मिनिटांच्या तासात रांग लावणे, हजेरी आणि ‘सावधान-विश्राम’ यांत अकरा मिनिटे गेली, चेंडू एकच असल्याने तो मुलगा सतरा मिनिटे आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा होता आणि प्रत्यक्षात तो जेमतेम सहा मिनिटे पळाला. तो जाड मुलगा होता. खेळाच्या त्या सहा मिनिटांतही त्याला यष्टिरक्षक केले होते. क्रिकेटमध्ये बहुतेक मुले उभी असतात, आणि आपला लाडका खो-खो घेतला तरी मैदानात एका वेळी एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे, बाकीचे आठ जण चौकात बसलेले असतात. वजनाच्या दृष्टीने साखळी, विषामृत, लंगडी, लगोरी, रिले आणि दोरीच्या उड्या हे खेळ अधिक कामाचे, कारण त्यांत सगळे एकाच वेळी हलतात आणि ‘बाद’ झालेला मुलगा फार वेळ बसून राहत नाही. बाद होणारा पहिला कोण असतो, हे आपल्याला माहीत आहे. दोरीच्या उड्यांना तर मैदानही लागत नाही. इमारतीच्या तळमजल्यावर वाहने लावतात त्या जागेत भरणाऱ्या शाळाही ते करू शकतात.

नागपुरात उन्हाचे गणित वेगळे मांडावे लागते. मार्चच्या मध्यापासून सकाळी नऊनंतर मैदानावर मुले सोडू नयेत, म्हणून त्या दिवसांत खेळाचा तास पहिला घ्यावा. चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. झोपेच्या दृष्टीने तो मला पटतो, कारण सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. पण आपल्या उन्हाळ्यात तो तसाच्या तसा चालवणे अवघड जाते, हेही खरे. मधली सुट्टी मोठी असेल तर आधी खेळ आणि मग डबा, असा क्रम करून पाहा. खेळायला पळायचे म्हणून पाच मिनिटांत डबा कोंबणारी किंवा तसाच मिटून ठेवणारी मुले त्याने शांत बसून जेवतात.

वाढदिवसाच्या चॉकलेटचा हिशेब बहुतेकांनी केलेला नसतो. वर्गात ४५ मुले आणि वर्षाला सुमारे २२० कामाचे दिवस, म्हणजे जवळपास दर पाचव्या दिवशी एक वाढदिवस. त्याऐवजी वर्गाच्या कपाटासाठी एक पुस्तक किंवा दोरी-चेंडू द्यावा, असा नियम सगळ्यांना सारखा लावला तर कोणी दुखावत नाही. शिक्षकांनी बक्षीस म्हणून गोळी देणेही थांबावे.

एक सावधगिरी मात्र पाळायला हवी. याच शहरात काही किलोमीटरवरच्या शाळेत मी हाडे मोजता येतील अशी मुलेही तपासते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सुमारे पाच टक्के मुले जास्त वजनाची होती, तर जवळपास २४ टक्के उंचीच्या मानाने कृश होती. दुसऱ्या बाजूला, १९९० मध्ये देशात पाच ते एकोणीस वयाची सुमारे चार लाख मुले लठ्ठ होती, ती २०२२ मध्ये सव्वा कोटींवर गेली, असा आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाचा अंदाज आहे. तुमच्याही शाळेत दोन्ही टोकांची मुले असतील. म्हणून भिंतीवर ‘कमी खा’ असे काहीही लिहू नका. उसळ, अंडे, फळ, मठ्ठा आणि पळापळ ही दोघांनाही लागते, आणि ती सगळ्यांना सारखी दिली की कोणाला वेगळे काढावे लागत नाही.

मोजणी कधी करावी, याविषयी माझा आग्रह आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. सात-आठ आठवड्यांच्या सुट्टीत बाहेर पाऊल टाकवत नाही. मुले दिवसभर कूलरसमोर, हातात मोबाइल आणि मध्ये मध्ये सरबत-आइस्क्रीम. शाळकरी मुलांचे वजन शाळेच्या दिवसांपेक्षा मोठ्या सुट्टीत वेगाने वाढते, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे, आणि माझ्या दवाखान्यातले जुलैचे काटे तेच सांगतात. म्हणून वर्षातून दोनदा, एप्रिलच्या सुरुवातीला आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, उंची आणि वजन घ्या. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की शाळेत काय बिघडते आणि घरी काय, हे पालकांना वेगळे सांगावे लागत नाही.

आता संघाच्या पुढच्या बैठकीपुरते सांगते. व्याख्यानाची तारीख ठरवण्याआधी मुख्याध्यापकांना दोन कागद मागा: कँटीनचा चालू करार आणि वेळापत्रकाप्रमाणे गेल्या महिन्यात प्रत्यक्ष झालेल्या खेळाच्या तासांची नोंद. करार बहुधा शैक्षणिक वर्षाबरोबर, एप्रिल-मेमध्ये नव्याने होतो. त्याआधी भाड्याचे कलम आणि पदार्थांची यादी बदलण्याचा ठराव झाला नाही, तर पुढचे वर्षभर कँटीनवाला तुम्हाला तेच उत्तर देईल, जे त्याने मला दिले. कराराची प्रत मिळाली की पाठवा, कोणत्या ओळी बदलायच्या ते मी खुणा करून देईन.